हौशी जुन्या गाड्यांच्या शर्यती : सुरक्षा साधनांवर किती आणि आधी कशावर खर्च करावा?

मिजेट६७

नमस्कार मंडळी,

मी मूळचा साताऱ्याचा. गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेत मिल्वॉकीजवळ राहतो. मागच्या हिवाळ्यात मी १९६७ सालची, १२७५ सीसी इंजिनाची एमजी मिजेट विकत घेतली. आधीच्या मालकाने ती शर्यतीसाठी बांधली होती, पण नंतर सहा-सात वर्षे शेडमध्ये झाकून ठेवली होती. इंजिन उघडून पुन्हा जुळवून झाले आहे. पुढच्या हंगामात एल्खार्ट लेकच्या रोड अमेरिका ट्रॅकवर जुन्या गाड्यांच्या हौशी शर्यतीत उतरावे असा विचार आहे. या शर्यतींत बक्षिसाची रक्कम नसते. सोमवारी सकाळी सगळ्यांना कामावर जायचे असते आणि गाडीही घरी धड न्यायची असते.

आमच्या गटाच्या नियमांप्रमाणे स्नेल एसए दर्जाचे (मोटार शर्यतींसाठीचे) हेल्मेट, आगरोधक सूट, रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी पोलादी कमान), मुदतीतले पट्टे आणि अग्निशामक एवढे सक्तीचे आहे. मानेच्या संरक्षणासाठीचे हान्स आणि पेट्रोलची सुरक्षित टाकी, म्हणजे फ्युएल सेल, यांची फक्त शिफारस केलेली आहे. माझ्याकडे या कामासाठी साधारण अडीच हजार डॉलर आहेत आणि त्यात सगळे बसत नाही.

पॅडॉकमधले, म्हणजे ट्रॅकजवळ गाड्या उभ्या करतात त्या जागेतले, एक ज्येष्ठ सदस्य मला म्हणाले, की या गाड्या मुळातच संथ आहेत, ते स्वतः चाळीस वर्षे मानेला काही न बांधता चालवत आले आहेत आणि आमच्याकडे धक्काबुक्की चालत नाही. शेवटचे तर खरेच आहे. इथल्या बहुतेक गटांत ज्याच्या चुकीने गाडीला गाडी लागली त्याला तेरा महिने परिवीक्षेवर ठेवतात आणि त्या काळात पुन्हा तसे घडले तर तेरा महिने घरी बसवतात. त्यामुळे लोक जपून चालवतात. मग नियमाने मागितले आहे त्यापलीकडे खर्च करण्यात अर्थ आहे का? असल्यास क्रम कोणता ठेवावा? गाडीत आत्ता असलेल्या पट्ट्यांवर २०१६ चा शिक्का आहे, पण ते अगदी नव्यासारखे दिसतात. तेही बदलावेच लागतील का?

चाचणीघर

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण तो गाडी आपटल्यानंतर विचारतात. मी पुण्यात वाहनांच्या चाचणीच्या कामात तीस वर्षे घालवली. शर्यतीत कधी उतरलो नाही, परंतु पट्टे बांधलेल्या पुतळ्यांसह गाड्या ठोकळ्यावर आपटताना पुष्कळ पाहिल्या आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

‘गाडी संथ आहे’ या वाक्याचा आधी हिशेब करू. समजा, ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर गेली. हा वेग आपल्या ट्रॅकवरच्या सरळ रस्त्याच्या मानाने किरकोळच आहे. पुढचा भाग अर्धा मीटर चेपून गाडी थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पन्नासपट येते. आपले डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तर त्या क्षणी ते तीनशे किलोच्या ओढीने पुढे जाऊ पाहते. धड पट्ट्यांनी धरून ठेवलेले असते, त्यामुळे ही सारी ओढ एकट्या मानेवर येते. आजच्या गाड्यांचा पुढचा भाग ठरवून चेपण्यासाठी आखलेला असतो. १९६७ च्या मिजेटमध्ये तशी आखणी नाही. अर्धा मीटर हा मी उदारपणे धरलेला आकडा आहे. अंतर निम्मे झाले की मंदन दुप्पट होते. म्हणून माझ्या मते जुन्या गाडीतल्या चालकाला अंगावरच्या साधनांची गरज नव्या गाडीतल्या चालकापेक्षा अधिक असते, आणि पॅडॉकमध्ये बहुधा याच्या नेमके उलटे समजले जाते.

हान्सचा जन्मच अशा एका अपघातातून झाला. १९८१ साली मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार हा चालक कवटीच्या तळाचे हाड मोडून गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग हा स्वतः शर्यतीत उतरणारा होता. डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड हे मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीरयांत्रिकीचे प्राध्यापक होते. या दोघांनी खांद्यांवर बसणारे जू तयार केले. खांद्याचे पट्टे या जुवावरून जातात आणि जुवापासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना छोटे बंद जातात. डोके पुढे झेपावू लागले की ती ओढ मानेऐवजी बंदांतून जुवावर, जुवावरून पट्ट्यांवर आणि खांद्यांवर उतरते. साधन इतके सरळ असूनही वर्षानुवर्षे व्यावसायिक चालकांनीही ते गैरसोयीचे म्हणून टाळले. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना येथे अमेरिकेच्या नॅसकार शर्यतींचा चालक डेल अर्नहार्ट शेवटच्या फेरीत गेला, तोही कवटीच्या तळाच्याच इजेने, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने डोके-मान बंधन सक्तीचे केले. फॉर्म्युला वनने ते २००३ मध्ये केले. आपल्या ज्येष्ठ सदस्यांची चाळीस वर्षे मला मान्य आहेत, परंतु त्या चाळीस वर्षांत ते भिंतीवर सरळ समोरून किती वेळा गेले, हेही त्यांना विचारावे.

तरीही हान्स आधी विकत घेऊ नका. आधी पट्टे. एसएफआय या अमेरिकी मानक संस्थेचा १६.१ चा शिक्का असलेल्या पट्ट्यांची मुदत बनवल्यापासून दोन वर्षे असते, तर एफआयए या जागतिक मोटारशर्यत संघटनेच्या मानकाच्या पट्ट्यांची पाच वर्षे. या मुदती कंपन्यांनी विक्रीसाठी काढलेली शक्कल आहेत असे पुष्कळांना वाटते. पण ऊन, घाम आणि तेल यांनी धाग्याची ताकद घटते, आणि ती घट डोळ्यांना दिसत नाही. आपले २०१६ चे पट्टे शेडमध्ये झाकलेले होते हे खरे, पण त्याआधी ते उघड्या गाडीत किती उन्हाळे तापले, हे आपल्याला कुठे माहीत आहे?

पट्टे कुठे आणि कसे बांधले आहेत, हे त्यांच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जाताना आडव्या रेषेत किंवा तिच्याखाली फार तर वीस अंशांपर्यंत उतरावेत. जुन्या गाड्यांत ते पुष्कळदा थेट सीटमागच्या फरशीला बांधलेले आढळतात. तसे असेल तर आघाताच्या वेळी पट्टे खांदे खाली खेचतात आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो. कमरेचा पट्टा पोटावरून न जाता ओटीपोटाच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे. मांड्यांमधला पट्टा लोक कंटाळ्याने सोडून देतात. फॉर्म्युला वनचा चालक योखेन रिंट १९७० साली मोन्झाला सरावात गेला तो मांड्यांमधले पट्टे न लावल्यामुळे. धडकेत तो खाली घसरला आणि वरच्या पट्ट्यांनीच त्याच्या गळ्याला प्राणघातक इजा केली. त्या वर्षीचा विश्वविजेता तोच ठरला, मरणोत्तर.

आता आजच संध्याकाळी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. सूट आणि हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसा. घरातल्या कोणालातरी रोल बारच्या माथ्यापासून बॉनेटच्या मागच्या, काचेजवळच्या भक्कम भागापर्यंत एक सरळ काठी धरायला सांगा. हेल्मेट काठीच्या खाली राहिले पाहिजे, आणि बारचा माथा हेल्मेटपेक्षा किमान दोन इंच उंच हवा. मिजेट ही लहानखुरी गाडी आहे. आधीच्या मालकाची उंची आपल्याइतकीच असेल असे धरून चालू नका.

ऑस्टिनसेव्हन

मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला असतो आणि युद्धपूर्व काळातली ऑस्टिन सेव्हन प्रेस्कॉटसारख्या डोंगरचढणीवर चालवतो. वरच्या प्रतिसादातले गणित मला मान्य आहे, पण त्यातून निघणारी खरेदीची यादी प्रत्येक गाडीला लागू करू नये, अशी माझी विनंती आहे.

माझ्या गाडीला रोल बार नाही. ७४७ सीसीच्या त्या सांगाड्याला तो धड जोडताच येत नाही. अशा उघड्या गाडीत पट्टे बांधून बसणे म्हणजे गाडी उलटली की स्वतःला तिच्याखाली अडकवून घेणे. १९५० च्या दशकापर्यंतचे चालक पट्टे का टाळत, याचे हेच कारण होते. ते मूर्ख नव्हते. पट्टे आणि रोल बार यांची जोडी आहे. एक असेल तर दुसरे हवेच, आणि एक नसेल तर दुसरे घातक ठरू शकते. मिजेटला बार आहे, त्यामुळे तिथे पट्टे अनिवार्य आहेत हे मी मानतोच.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. आपण सर्व जण चालकाच्या अंगावर काय चढवायचे याची चर्चा करतो, आणि पन्नास-साठ वर्षे जुन्या लोखंडाकडे कोणी बघत नाही. मिजेटच्या पुढच्या चाकांचे स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरते ते आखूड दांडे) हा माहीतगार लोकांच्या काळजीचा विषय आहे. मूळ सुटे भाग रस्त्यावरच्या बारीक टायरांसाठी बनवले होते. आज त्यांवर शर्यतीचे चिकट टायर लावून आपण कितीतरी अधिक भार टाकतो. चाकच निघून गेले तर सूट कितीही महाग असो, भिंत गाठायला वेळ लागत नाही. अडीच हजारांतले पहिले पैसे स्टब अ‍ॅक्सल, मागचे अर्धे अ‍ॅक्सल आणि स्टीअरिंगचे दांडे यांची तडा-तपासणी करण्यावर जावेत, असे मी म्हणेन. चुंबकीय पद्धतीने किंवा रंग झिरपवून केलेली तपासणी हान्सपेक्षा स्वस्तात होते.

मूळ रूपाबद्दलही एक शब्द. या गाड्या आपल्या हाती तात्पुरत्या आहेत. पत्रा कापून, छिद्रे पाडून, आडवे-उभे नळ्यांचे पिंजरे घालून आपण पुढच्या पिढीला काय सुपूर्द करणार आहोत?

पिवळाझेंडा

मी इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि गेली नऊ वर्षे सुट्टीच्या दिवशी नारिंगी डगला घालून शर्यतीच्या ट्रॅकवर वळणापाशी मार्शल, म्हणजे झेंडे दाखवणारी आणि मदतीला धावणारी स्वयंसेवक, म्हणून उभी राहते. ऑस्टिनसेव्हन यांच्या तडा-तपासणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मूळ रूपाच्या मुद्द्यावर मात्र मला एक प्रसंग सांगावासा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी, सरावाच्या वेळी, १९६० च्या दशकातली एक देखणी दोन आसनी गाडी आमच्या वळणावर गरागरा फिरून गवतात थांबली. बॉनेटच्या फटीतून धूर आणि पाठोपाठ ज्वाळा दिसल्या. गाडीत बसवलेले अग्निशामक होते. परंतु डॅशबोर्डचे मूळ रूप बिघडू नये म्हणून मालकाने त्याची खेचायची मूठ डॅशखाली, गुडघ्यामागे लपवली होती आणि अग्निशामकाची जागा बाहेरून दाखवणारा, लाल वर्तुळातला ‘ई’ चा स्टिकरही लावला नव्हता. चालक चाचपडत राहिला. आम्ही हातातले अग्निशामक घेऊन पोहोचलो आणि आग विझवली. त्याला फक्त मनगटाला चटका बसला, कारण त्याने हातमोजे काढून ठेवले होते. नंतर मी वाकून पाहिले, तर त्या मुठीची सुरक्षा पिन अजून जागेवरच होती. मूठ सापडली असती तरी ती खेचली गेली नसती. शिक्का मुदतीतला होता, तांत्रिक तपासणी पार पडली होती, कागदावर सगळे बरोबर होते.

म्हणून, मिजेट६७, आपण जे काही घ्याल ते बसवल्यावर डोळे मिटून वापरून पाहा. पट्ट्याचे बक्कल, स्टीअरिंग, बॅटरी तोडण्याचा स्विच, अग्निशामकाची मूठ, दाराची कडी. हान्स घातल्यावर मान वळत नाही आणि बक्कल दिसत नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. ती सवयीने जाते, पण सवय गॅरेजमध्ये लावायची असते. १९६६ मध्ये बेल्जियममधल्या स्पा येथे फॉर्म्युला वन चालक जॅकी स्टुअर्ट अपघातग्रस्त गाडीत पेट्रोलने भिजून सुमारे पंचवीस मिनिटे अडकून पडले होते. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट या दोन चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्यांना बाहेर काढले. त्यानंतर स्टुअर्ट स्टीअरिंगजवळ पाना चिकटवून ठेवत. पुढे त्यांनी सुरक्षिततेसाठी आवाज उठवला तेव्हा त्यांनाही पुष्कळांनी भित्रे म्हटले. १९७१ मध्ये ब्रँड्स हॅचला जो सिफर्ट या चालकाचा मृत्यू झाला तो धुराने गुदमरून, पाय मोडल्यामुळे त्याला स्वतःहून बाहेर पडता आले नाही म्हणून. गाडीतच अग्निशामक बसवण्याची सक्ती त्यानंतर आली.

सूटबद्दल थोडे लिहिते, कारण भाजलेली माणसे हे माझे रोजचे काम आहे. अमेरिकेत सूटवर एसएफआय ३.२ए नंतर तिरकी रेघ आणि एक आकडा असतो. ‘१’ असेल तर दुसऱ्या दर्जाचा भाजण्याचा घाव होईपर्यंत सुमारे तीन सेकंद मिळतात. ‘५’ असेल तर सुमारे दहा. पट्टे सोडून, उठून, मिजेटमधून पाय बाहेर टाकायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि मग सूट निवडा. आत सुती किंवा आगरोधक अंतर्वस्त्रे घाला, आणि व्यायामशाळेतले नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कपडे चुकूनही नको, कारण ते वितळून कातडीला चिकटतात. ते सोडवून काढण्याचे काम मी केले आहे, त्याचे वर्णन इथे करत नाही. पायमोजेही विसरू नका.

चाचणीघर

ऑस्टिनसेव्हन, तडा-तपासणी माझ्याकडून राहून गेली, ती चूक मान्य. आपण म्हणता तोच क्रम योग्य. मात्र ‘जपून चालवतात’ या मिजेट६७ यांच्या मुद्द्याला आपल्याच उदाहरणाने उत्तर मिळते. स्टब अ‍ॅक्सल मोडतो किंवा समोरच्याचे तेल सांडते तेव्हा कोणाचीच चूक नसते, आणि तेरा महिन्यांची शिक्षा ज्या अपघातांना आवरते त्यांत हे अपघात येत नाहीत. रोड अमेरिकावर ‘किंक’ नावाचे जे उजवे वळण आहे, तिथे लोक जवळपास पूर्ण वेगात जातात आणि भिंत जवळ आहे.

हेल्मेटविषयी थोडक्यात. मोटारसायकलचे ‘एम’ दर्जाचे घेऊ नका. ‘एसए’ मध्ये आगीची आणि रोल बारवर आपटण्याची चाचणी असते, आणि एसए२०१५ पासून हान्सचे बंद अडकवण्याची सोयही त्यात येते. हे मानक ज्यांच्या नावाने चालते ते पीट स्नेल हौशी चालकच होते. १९५६ मध्ये एका शर्यतीत हेल्मेटने दगा दिल्याने ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या मित्रमंडळींनी ही संस्था काढली. डोक्याजवळच्या रोल बारच्या नळ्यांवर टणक, प्रमाणित फोम लावा. पाण्याच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम फक्त देखावा आहे.

फ्युएल सेल पुढच्या वर्षावर ढकलला तर चालेल असे मला वाटते, पण एका अटीवर. मिजेटची टाकी डिकीच्या तळाखाली, गाडीच्या अगदी मागच्या टोकाला आहे. मागून धक्का बसला तर ती फुटू शकते. तेव्हा डिकी आणि बैठक यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत हवी, वायरींसाठी पाडलेली भोकेही बुजलेली हवीत. पुढे सेल घेतलात, तर आतली रबरी पिशवी आणि स्पंज दोन्ही जुने होतात हे लक्षात ठेवा. वापरलेला सेल स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. स्पंजाचा भुगा होऊन कार्बोरेटरमध्ये जातो.

मिजेट६७

सर्वांचे मनापासून आभार. चाचणीघर काकांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री गॅरेजमध्ये काठीचा प्रयोग केला. सूट घालून बसलो, पट्टे आवळले आणि पत्नीने पोछ्याची काठी रोल बारवरून धरली. काठी हेल्मेटला टेकली. हेल्मेट बारच्या माथ्यापेक्षा जवळपास एक इंच वर येते. आधीचे मालक पाच फूट पाच इंचांचे होते, हे त्यांना फोन केल्यावर कळले.

त्यानंतर खांद्याच्या पट्ट्यांचा माग काढला, तर ते सीटमागच्या फरशीवर दोन बोल्टांना, खाली आधाराची जाड पट्टीही न देता, बांधलेले निघाले. आता क्रम असा ठरवला आहे. स्टब अ‍ॅक्सल आणि अर्धे अ‍ॅक्सल काढून तपासणीला पाठवायचे, सीट खाली घेऊन नवा आणि उंच रोल बार बसवायचा, त्याच्या आडव्या नळीला नवे, सहा ठिकाणी जोडले जाणारे पट्टे बांधायचे आणि मग हान्स. तोपर्यंत जुना सूटच वापरेन, पण त्याच्यावर ‘१’ आहे, आणि घड्याळ लावून पाहिले तर हातमोजे घालून बाहेर पडायला मला चौदा सेकंद लागले. त्यामुळे हंगामाची पहिली शर्यत बहुधा सोडावी लागेल.

एक शंका उरली. नव्या बारचे पाय फरशीच्या पत्र्यावर थेट वेल्ड केले तर चालेल का?

चाचणीघर

थेट पत्र्यावर नको. पत्रा जुना आहे, गाडी उलटली तर बार त्यातून आरपार जाईल. प्रत्येक पायाखाली तळहातापेक्षा मोठी पोलादी पट्टी घ्या, ती फरशी आणि दाराखालची पेटी अशा दोन्ही पत्र्यांना धरून वेल्ड करा, आणि वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून गॅरेजबाहेर ठेवा. नवा बार पक्का करण्याआधी वेल्डिंगचे दोन-चार ठिपके देऊन फक्त टाचून घ्या आणि वहिनींना पुन्हा एकदा काठी धरायला सांगा.